चालीत बसलेलं नाव

पुलगाव,
रविवार, १२ फेब्रुवारी १९७८

चि. सौ. सुलू हिस,
दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद व प्रभूमध्ये सलाम.

आज उपासनेत बसलो असताना फार जुना एक आवाज कानात आला. कुणी काढला नव्हता, आतूनच आला. तुला आठवतं का बघ. आपल्या लहानपणी ख्रिस्तमंदिरात गाणं संपायचं, पेटीचा भाता बसायचा, पुस्तकं मिटल्याचा फटफट आवाज व्हायचा, आणि मग मागच्या बाजूनं एकटी तानाबाई शेवटची ओळ म्हणत राहायची. कायम अर्धी ओळ मागे. तिला वाचता येत नव्हतं. शेजारणीच्या तोंडून शब्द उचलायची आणि मग आपण म्हणायची, त्यात मागे पडायची. आपण दोघं बाकाखाली तोंड घालून हसायचो आणि आई चिमटा काढायची. तेव्हा हसू यायचं. आता वाटतं, संध्याकाळी सगळी गुरं गोठ्यात आल्यावर एखादी गाय मागे राहावी, आणि दूरच्या पांदणीतून तिच्या गळ्यातली घंटा एकटीच वाजत यावी, तसं होतं ते.

हे आठवायला कारण झालं. आपल्याकडे नवे पाळकसाहेब आले आहेत. तरुण, चष्मेवाले, मराठी गोड. उपासना संपल्यावर माझा हात धरून म्हणाले, "गुरुजी, तुमच्यासारखी मध्यस्थीची प्रार्थना मी कुठल्या मंडळीत ऐकली नाही. ही संडे-स्कूलच्या मुलांकडून पाठ करून घ्या." आजाऱ्यांसाठी, अनाथांसाठी, देशासाठी जी प्रार्थना होते ती गेली कित्येक वर्षं माझ्याकडे आहे, हे तुला ठाऊकच आहे. पूर्वी साधीच करायचो, मग नावं विसरायची, अडखळायला व्हायचं. निवृत्त झाल्यावर तीच मी साकीच्या चालीत बसवली. वर्गात कविता म्हणताना मुलं कशी डोलायची, तशी आता मंडळी डोलते. वानगीदाखल दोन ओळी देतो:

दुखणाइतांना दे आराम, थकल्यांना दे छाया
नाचणगावी तानाबाई, तिजवर राहो माया

'नाचणगावी' आठ मात्रा, 'तानाबाई' आठ. बाई जणू साकीसाठीच जन्माला आली! उलट आपले वासुदेवराव मागल्या वर्षी महिनाभर काविळीनं पडून होते, पण त्यांचं नाव काही केल्या चालीत बसेना. शेवटी 'आणिक दुसरे कितीक पीडित' या ओळीत त्यांना धरून घेतलं. बरे झाले, तेव्हा पोचली म्हणायची.

मुलांना पाठ झालीसुद्धा. काल पोरी मंदिराच्या आवारात लंगडी खेळत होत्या आणि 'तानाबाई'वर बरोबर उडी टाकत होत्या. मी खिडकीशी उभा राहून ऐकत होतो. म्हातारपणी माणसाला याहून काय हवं?

मनोहररावांना सलाम. कांताचं नोकरीचं काय झालं ते कळव.

तुझा,
दादा

•

हिंगणघाट,
१८ फेब्रुवारी १९७८

दादाले सुलूचा सलाम.

तुझं पत्र पोचलं. यायले वाचून दाखवलं. हे म्हणे, "गुरुजीनं गाय बरी हाकलली पत्रात." तू रागावू नको, यायले कवितेचं काही समजत नाई आणि मलेबी फार नाई समजत.

पहिले आनंदाची गोष्ट. कांताले नागपूरच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. पहिला पगार हातात आला तशी म्हणते, "आई, ज्या हातानं मी या जगात आली त्या हाताले मी लुगडं देईन." तुले आठवते ना, कांताच्या वेळी मी पुलगावले आलती आणि दाई तानाबाईच होती. पोरगी अडली होती. ती बाई दोन दिवस घरी गेली नाई.

म्हणून तुझ्या पत्रात तिचं नाव वाचून मले भरून आलं. पण दादा, तू लिहिलं काय? तिचा आवाज लिहिला, मात्रा लिहिल्या, पोरीच्या उड्या लिहिल्या. बाई कशी हाये ते कुठी हाये? लकवा मारून चारेक वर्षं झाली असतीन. पाय चालले का? का खाटेवरच हाये? तिले रांधून कोण घालते? तिले ना पोर ना बाळ. मिशनचं क्वार्टर सोडून नाचणगावले झोपडी करून राह्यली, तिथं आपल्या लोकायचं एकबी घर नाई. डोळ्यानं दिसते का अजून?

हे विचाराचं कारण लुगड्याचा रंग. दिसत असन तर हिरवं घेतो, तिले हिरवं आवडे. दिसत नसन तर रंगाले काय करतं, मऊ सुताचं पाहू.

आई गेली तेव्हा आईचं डोकं मांडीवर घेऊन ती बसून राह्यली होती. मी दुसऱ्या खेपी इथं बाळंतीण, तू परीक्षेच्या पेपरात. आपण दोघं नव्हतो, ती होती. मी हे विसरली नाई. तूबी विसरला नसशीन, दर रविवारी नाव घेतं म्हंजे.

लवकर कळवजो.

सुलू

•

पुलगाव,
१ मार्च १९७८

चि. सौ. सुलू हिस,
आशीर्वाद व प्रभूमध्ये सलाम.

कांताची बातमी वाचून धन्य झालो. मंदिरात तिच्या नावानं अर्पण टाकलं.

तुझ्या पत्राचं उत्तर उशिरा देतोय, कारण रिकाम्या हातानं उत्तर द्यायचं नव्हतं. काल मंगळवारी नाचणगावला जाऊन आलो. वाटेत पळस असा फुलला आहे की जणू कुणी काळ्या पाटीवर लाल खडूनं लिहून ठेवलंय. तानाबाई पडवीत खाटेवर होती. पाय अजून तसेच आहेत, पण चेहरा, सुलू, चेहरा असा शांत की दिवेलागणीच्या वेळचं तळं. दिसतं अंधुक. मला आवाजावरून ओळखलं. म्हणाली, "गुरुजी, तुमी मले इसरले नाई. देवबापाची दया हाये." मग तुझी चौकशी केली, "माही सुलू बरी हाये ना?" मी आईची आठवण काढली तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं तिच्या. माझ्याही.

जेवणाखाणाचं शेजारपाजारचे पाहतात. फार वेळ बसलो नाही, थकेल म्हणून. निघताना एक छोटीशी प्रार्थना केली.

लुगडं हिरवं घे. अंधुक का होईना, हिरवं तिला कळेल.

तुझा,
दादा

•

हिंगणघाट,
८ मार्च १९७८

दादा,

लुगडं हिरवंच घेतलं. कांताले सुट्टी नव्हती. मी यायले म्हटलं, पोस्टानं काऊन पाठवाचं, मीच जातो, दादालेबी अचानक गाठते. परवा पुलगावले उतरली. म्हटलं पहिले बाईले भेटून घेऊ, मग दादाकडे जेवाले जाऊ. रिक्षा करून नाचणगावले गेली.

दादा, तू कोणाले भेटला? कोणाच्या खाटेपाशी बसला? माही चौकशी कोणी केली?

तानाबाई मेली. मागच्या नाई, त्याच्या मागच्या पावसाळ्यात मेली. झोपडी पडून गेली, तिथं आता वांगी लावली हायेत. पडवी नाई, खाट नाई, काही नाई.

तुझ्या घरी आली नाई ती याच्यासाठी. तुझं तोंड पाहाचं नव्हतं. ष्ट्यांडवर बसून राह्यली आणि पहिल्या गाडीनं परत आली. लुगडं परत आणलं. कांताले अजून सांगितलं नाई.

पंचफुला म्हणून तिथली माळीण हाये, भाजीची वाडी हाये तिची, झोपडीले लागून. मातीचं सारं तिनंच केलं. तिनं काय सांगितलं ते मागून लिहीन. आज हात चालत नाई.

सुलू

•

पुलगाव,
सोमवार, १३ मार्च १९७८

सुलू,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. तीन दिवस खिशात घेऊन फिरतोय.

मी गेलो नव्हतो. लकवा मारला तेव्हा सुरुवातीला एकदा गेलो होतो, त्यानंतर नाही. सायकलनं पाव तासाची वाट आहे.

खोटं लिहायचं असं ठरवून मी बसलो नव्हतो. मंगळवारी जायचंच होतं. ऊन चढलं, चाकात हवा नव्हती, म्हटलं उद्या जाऊ. बुधवारी पुन्हा वाटलं, जाणारच आहे तर आधी पत्र लिहून टाकू, सुलू वाट पाहत असेल. आणि लिहिता लिहिता ती मला दिसायलाच लागली. पडवी दिसली, खाट दिसली. तिच्या तोंडी मी वाक्य घातलं, आणि ते वाचून मलाच गहिवरून आलं. खरोखर डोळे पुसले मी. मातीत गेलेल्या बाईला मी बोलतं केलं आणि वर आपल्याच शब्दांवर रडलो. एवढं झाल्यावर प्रत्यक्ष जायची गरजच वाटली नाही. जाऊन आल्यासारखं हलकं वाटत होतं. माझ्या प्रार्थनेचंही असंच होत असणार दर रविवारी. बोललो की केल्यासारखं वाटतं.

पण याहून वाईट पुढे आहे. ते तुला नाही सांगितलं तर कुणाला सांगू?

काल रविवार. तुझं पत्र खिशात, छातीवर. प्रार्थनेला उभा राहिलो. ठरवलं होतं की त्या ओळीपाशी थांबायचं. डोळे मिटले, सुरुवात केली, आणि सुलू, माझ्या ओठांनी मला विचारलंच नाही. 'दुखणाइतांना दे आराम' झालं, आणि पाठोपाठ 'नाचणगावी तानाबाई' बाहेर पडलं. मेली हे ठाऊक असताना. तिला आराम पडो म्हणून मी देवाला सांगितलं आणि सगळी मंडळी एका सुरात म्हणाली, "आमेन."

त्या आमेननं माझे डोळे उघडले. मी त्यांच्याकडे पाहिलं. एकही डोकं हललं नव्हतं. दीड वर्ष आम्ही सगळे मिळून एका मेलेल्या बाईची तब्येत देवाकडे मागतोय आणि एकालाही ठाऊक नाही. कुणी विचारलंही नाही की, गुरुजी, बाई उठली का? मी त्यांना दोष देत नाही. चाल मी लावली. चालीत माणूस इतकं छान बसलं की ते आहे का नाही हे पाहायची कुणाला आठवण राहिली नाही.

संध्याकाळी पाळकसाहेबांकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "गुरुजी, ईस्टर तोंडावर आलाय. मंडळीत बोभाटा नको. तिथं हळूच दुसरं नाव घाला. आपल्या शोभाबाईंना दमा आहे."

आणि लाज अशी की त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझ्या मनानं मोजलं. शोभाबाई. आठ मात्रा.

पंचफुलानं काय सांगितलं ते लिही. जसंच्या तसं लिही. मला जपू नकोस.

दादा

•

हिंगणघाट,
१६ मार्च १९७८

दादा,

तू म्हणतं तर जसंच्या तसं लिहिते.

पंचफुला मले पाहून पहिले भांडलीच. रिक्षा पाहून बाहेर आली, कमरेवर हात ठेवून. म्हणे, "तुमी कोन? म्हातारीचे सोयरे? आता आले? कोंबड्या घ्याले आले असान तर सांगतो, चार मेल्या, बाकीच्या माह्या हायेत." मी म्हटलं, "बाई, मी कोंबड्या घ्याले नाई आली, मी तानाबाईले भेटाले आली." तशी कमरेवरचे हात खाली आले. माह्या हातातलं लुगडं पाह्यलं तिनं. मग खाट टाकली, पाणी देल्लं.

म्हणे, "आमचं जमत नोयतं. तिच्या कोंबड्यायनं माह्या वांग्याच्या रोपायचा सत्यानाश केला. रोज भांडन. म्या इकडून बोंबलो, थे खाटेवरून बोंबले. पन रोज सकाऊन भाकर म्याच देत होतो. भांडाले मानूस जिता पायजे ना."

मग तिनं त्या दिवशीचं सांगितलं. रविवारी सकाळी तानाबाई गेली. पंचफुलानं नवऱ्याले, रूपरावले, पुलगावले धाडलं. म्हणे, थे किरिस्ताव होती, तिच्या लोकायले सांगून ये, ते येऊन नेतीन. पाऊस सुरू. रूपराव मंदिराच्या दारात पोचला तेव्हा आत प्रार्थना चालू होती, सारे डोळे मिटून. मधात कसं बोलावं म्हणून तो वहाणा हातात घेऊन दारातच उभा राह्यला. इतक्यात त्यानं आतून नाव आयकलं. गुरुजी म्हणे, नाचणगावी तानाबाई, तिच्यावर माया राहो. आणि सारे आमेन म्हणे.

दादा, त्याले वाटलं यायले समजलं. यायले कोणीतरी पहिलेच सांगितलं आणि हे तिच्यासाठीच चालू हाये. त्यानं दारातूनच हात जोडले आणि परत गेला. बायकोले म्हणे, "त्यायले मालूम हाये. त्यायची पूजा चालू हाये, आटपली की येतीन."

ते सांजपर्यंत वाट पाहत राह्यले. पावसात. कोणी आलं नाई. मग त्यायनं आपल्याच वावराच्या धुऱ्यावर, बांधापाशी, खड्डा केला. गावातले काही म्हणे जाळून टाका, लवकर होते. पंचफुला म्हणे, "नाई, तिच्यात गाडतात, तिचं तसंच होईन." आपल्यात काय म्हणतात ते तिले येत नव्हतं. मी विचारलं, मग तू काय म्हटलं? म्हणे, "म्या काय म्हननार? म्या म्हटलं, बाई, सुखानं जाय, कोंबड्यायची फिकर करू नको."

मले तिथं आमेन म्हणावं वाटलं. म्हटलं नाई. लाज वाटली.

तिच्या मनात तुमच्यावर राग नाई हे समजून घे. म्हणते, एवढा पाऊस होता, म्हातारी माणसं, कशी येतीन. आणि याच्यापेक्षा वाईट आता लिहिते. तुमच्या मंदिरात तिचं नाव अजून निघते हे तिले बाजारातल्या बायायकडून समजलं हाये. तिले वाटते ही आपल्यातली रीत हाये, मेलेल्याची आठवण कराची. म्हणे, "आमच्यात वर्साचं एकदा पान ठेवतात, तुमच्यात हर इतवारी नाव घेतात. म्या साऱ्या गावाले सांगतो. म्हातारीले कोनी नोयतं म्हनता, पाहा तिचं कोन हाये ते." मले विचारलं, "घेतात ना हो नाव?"

मी हो म्हटलं, दादा. तिच्या तोंडावर मले खरं सांगवलं नाई. तू पत्रात खोटं लिहिलं, मी खाटेवर बसून खोटं बोलली. मीबी चार वर्षं तिले एक कार्ड टाकलं नव्हतं. आता आपण सारखे.

तिच्या मातीवर अजून देवाचा एक शब्द कोणी बोललं नाई. ईस्टरच्या पहाटे तुम्ही मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात जाता ना, त्या दिवशी तू नाचणगावले जाय. पण पहिले पंचफुलाले खरं सांगजो. सांगितल्याशिवाय त्या मातीपाशी बायबल उघडू नको. ते बी मग साकीच होईन.

सुलू

•

पुलगाव,
शनिवार, २५ मार्च १९७८

सुलू,

उद्या ईस्टर. तुझं पत्र झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी मिळालं, म्हणजे बरोबर आठ दिवस झाले. या आठ दिवसांत काय झालं ते लिहितो, चांगलं-वाईट तू ठरव.

त्या रविवारी पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे मान हलवून मला खूण केली. मी उभा राहिलो, पण डोळे मिटले नाहीत. मिटले असते तर ओठांनी पुन्हा दगा दिला असता. उघड्या डोळ्यांनी, साध्या बोलण्यात म्हणालो, "नाचणगावची तानाबाई वारली. दीड वर्ष होऊन गेलं. आपल्याला सांगायला माणूस दारापर्यंत आला होता. माझी चाल ऐकून परत गेला. तिला दुसऱ्यांनी माती दिली. आपण तेव्हापासून ती बरी व्हावी म्हणून प्रार्थना करतोय. मी तिच्याकडे जात नव्हतो."

एवढं बोलून थांबलो. आणि मग मागच्या बाकांवरून दोघं-तिघं म्हणाले, "आमेन."

सवय, सुलू. मी थांबलो म्हणजे आमेन म्हणायचं. त्यांना मी काय म्हणालो ते ऐकूच आलं नव्हतं. बाकीच्यांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा त्यांची तोंडं बघवत नव्हती. माझं तोंड त्यांनी पाहिलं असेल, तेही तसंच असणार.

उपासनेनंतर आवारात कुणी माझ्याशी बोलेना. पाळकसाहेब पाठ करून उभे होते. वासुदेवराव तेवढे जवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, काविळीत मी महिनाभर पडून होतो. तुमी घरी आले नाई, हे मी कोणापाशी बोललो नाई." एवढंच म्हणाले आणि सायकल काढून गेले. शोभाबाई पदरात तोंड घालून मोठ्यानं रडली. रडणं आवरल्यावर मला म्हणाली, "मंग गुरुजी, आता त्या जागी कोनाले घालता? मले दमा हाये." मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला मी काय शिकवलं इतकी वर्षं? माझ्या ओळीत जागा मिळाली की देवापाशी जागा मिळते, हेच ना? म्हातारी धापा टाकत दोन गल्ल्यांवर राहते. सोमवारी तिच्याकडे गेलो. तिची औषधाची बाटली रिकामी होऊन आठवडा झाला होता. ती आणून दिली. प्रार्थना केली नाही. तिनं म्हटलं करा म्हणून, मी म्हटलं मला सध्या येत नाही.

खरंच येत नाही. सकाळी गुडघे टेकतो तेव्हा शब्द येतात ते सगळे चालीत येतात, म्हणून गप्प बसतो. बाहेर पोरी लंगडी खेळताना अजून तेच म्हणतात. त्यांना रागावायला गेलो होतो, पण कोणत्या तोंडानं रागावणार, परत फिरलो.

गुरुवारी नाचणगावला निघालो. खरंच निघालो, यावर विश्वास ठेव, ठेवावासा वाटला तर. पळस फुललाय का नाही ते मी पाहिलं नाही. गावाच्या अलीकडे भाजीच्या वाड्या लागतात तिथं उतरलो. तीन-चार बाया वाकून निंदत होत्या. त्यातली पंचफुला कोणती हे मला ठाऊक नव्हतं. एकीनं मान वर करून विचारलं, "कोन पायजे, मास्तर?" मी म्हटलं, "कुणी नाही, रस्ता चुकलो." आणि सायकल वळवली. शाळेत आयुष्यभर पोरांना भूगोल शिकवला, आणि नाचणगावचा रस्ता चुकलो म्हणालो.

मला तिचा राग सोसला असता. पण तिला माझा अभिमान वाटतो हे तू लिहिलंस ना, तिथं माझे पाय अडकतात. तिनं गावाला सांगितलंय की म्हातारीला कोणीतरी आहे. ते कोणीतरी म्हणजे मी. तिला जाऊन सांगायचं की बाई, तसं कोणी नव्हतं, तू एकटीच होतीस.

पण उद्या जाणार. आणलेल्या मेणबत्त्या टेबलावर आहेत. पाळकसाहेबांना सांगितलं की उद्या पहाटे मी कबरस्तानात नसेन. पंचफुलाला काय म्हणायचं ते लिहून पाहावं म्हणून बसलो होतो. पहिली ओळ बरी आली. दुसरी आली ती पहिलीशी जुळून आली. कागद फाडून टाकला. आता न जुळवताच जाईन. जे तोंडातून निघेल

सुलू, मध्येच थांबावं लागलं. दारात एक बाई आली आहे. मी दार उघडलं तर डोक्यावर रिकामी टोपली, घामानं निथळलेली, पायांना धूळ. मला वाटलं बाजार आटपून चाललेली कुणी भाजीवाली पाणी मागायला आली. म्हणाली, "मंदिरातल्या गुरुजीचं घर हेच काय?" मी हो म्हटलं. म्हणाली, "मी नाचनगावची पंचफुला."

ती दारातच उभी आहे. आत ये म्हटलं तर येत नाही. तिनं विचारलं ते जसंच्या तसं लिहितो: "बाजारात आयकलं, गेल्या इतवारी म्हातारीचं नाव नाई घेतलं म्हने तुमी. काऊन? काय गुन्हा केला तिनं? तिचं भांडन माह्याशी होतं, तुमच्याशी काय होतं? येवढे दिस घेतलं अन् आताच काऊन तोडलं? मले सांगा, म्या गावाले काय सांगू?"

मी म्हणालो, "बाई, एवढं पत्र पुरं करतो." आणि खाली मान घालून हे लिहितोय. पत्रात लिहिण्यासारखं काही उरलेलं नाही, हे मलाही कळतं आणि बहुतेक तिलाही. तिनं टोपली अजून खाली ठेवली नाही. उत्तर घेतल्याशिवाय ती जाणार नाही.

आता मान वर करतो.